पुलारची तोंडओळख : निमकीचा बाजार

या आठवड्यात पुलार या पश्चिम आफ्रिकेतील भाषेच्या क्रियापदांस हात घालण्याचे मी कबूल केले होते. 'मि सोदि' म्हणजे मी विकत घेतले, परंतु 'मिन चोदि' म्हणजे आम्ही विकत घेतले. कर्ता एकाचा अनेक झाला की क्रियापदाचे आद्याक्षर का पालटते, याची फोड करणारा मजकूर लिहून तयारही होता. उल्हासनगरहून आलेल्या एका पत्रामुळे तो तूर्त तहकूब करीत आहे. पत्रलेखक जन्माने सिंधी आणि शिक्षणाने मराठी असून, पुलारमधील आत ओढल्या जाणाऱ्या दोन व्यंजनांसाठी मी ॿ आणि ॾ ही सिंधीची देवनागरी अक्षरे योजलेली पाहून त्यांस मोठे कौतुक वाटले आहे. त्या कौतुकाच्या भरात त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा, की ही अक्षरे सिंधीप्रमाणेच उच्चारावयाची काय? दुसरा असा, की त्यांचा पुतण्या व्यापारानिमित्त सेनेगलला जात आहे, हाती वेळ थोडा आहे, तर त्याने प्रथम शिकावे काय?

पहिल्याचे उत्तर निम्मे होय असे आहे. ॿ साठी सिंधी माणसाला नवे काहीच शिकावयास नको : ओठ मिटावेत, स्वरयंत्र किंचित खाली ओढावे, आणि ओठ उघडताना वारा बाहेर फेकला न जाता क्षणभर आत घेतला जावा, हे तो आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. ॾ च्या बाबतीत मात्र श्वासाची क्रिया तीच असली तरी जिभेचे स्थान निराळे आहे. सिंधी ॾ मूर्धन्य, म्हणजे जीभ वर वळवून काढावयाचा, तर पुलारचा ॾ वरच्या दातांच्या मुळाशी जीभ टेकवून काढावयाचा. 1966 साली बामाको येथे युनेस्कोच्या विद्यमाने भरलेल्या परिषदेत पश्चिम आफ्रिकेतील भाषांच्या लेखनाची जी व्यवस्था ठरली, तीत या ध्वनींस माथ्यावर आकडी काढलेली लॅटिन अक्षरे मिळाली. त्यापूर्वीपासून अरबी लिपीतही पुलार लिहिली जात आलीच आहे. आपल्या देवनागरीत मात्र ही सोय सिंधीने आयती करून ठेवली आहे, आणि अस्सल ध्वनी ऐकण्यासाठी मराठी वाचकाने आफ्रिकेस न जाता उल्हासनगरच्या कापडबाजारात तासभर बसले तरी चालेल. एवढेच, की ऐकलेला ॾ घरी आणताना जीभ थोडी पुढे सरकवावी.

दुसऱ्या प्रश्नास माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : पुतण्याने संख्या शिकाव्यात आणि संख्यांबरोबर पैशांचा हिशेब शिकावा. अभिवादने आपण पाहिलीच, 'नो म्बॾ्ॾा?' असे विचारावे, 'जम तन' असे उत्तर द्यावे, आणि ही देवघेव पुरती झाल्यावाचून दुकानदाराशी व्यवहाराचा एक शब्दही काढू नये. परंतु पुढे पहिला अडथळा येतो तो संख्येचाच, आणि योगायोग असा की ज्या ॾ विषयी पत्रात विचारणा आहे तोच 'दोन' या शब्दात दोनदा येतो : ॾिॾि.

गोऽओ, ॾिॾि, तति, नयि, जोयि. हे एकापासून पाचापर्यंत झाले. पहिल्यातील अवग्रहाच्या जागी कंठ क्षणभर बंद करावा. मराठी जिभेला येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. आपण 'जोडा' म्हणताना जो ज काढतो तो 'जोयि'त नाही. तेथे 'जीव'मधला ज हवा. पुढे 'चपन्ॾे' हा शब्द येईल त्यातही 'चमचा'तला च काढू नये, 'चित्र'मधला काढावा. आपल्या लिपीने या दोन-दोन ध्वनींना एकेकच अक्षर देऊन ठेवल्यामुळे मराठी शिकाऊ माणूस लिहिलेले पाहून हमखास चकतो. म्हणून संख्या डोळ्यांनी पाठ न करता मोठ्याने म्हणून पाठ कराव्यात.

सहापासून भाषा पुन्हा पाचाकडे वळते. जेगोम, जेॾिॾि, जेतति, जेनयि : प्रत्येकाच्या आरंभी जो 'जे' आहे तो 'जोयि'चाच अवशेष, म्हणजे पाच नि एक, पाच नि दोन, पाच नि तीन, पाच नि चार. दहा म्हणजे सप्पो, वीस म्हणजे नोगास, आणि तिसापासून दहांच्या राशी मोजावयाच्या : चपन्ॾे तति, चपन्ॾे नयि, चपन्ॾे जोयि. चाणाक्ष वाचकाने 'सूदु' म्हणजे घर आणि 'चूॾि' म्हणजे घरे हे ध्यानात ठेवले असेल, तर 'सप्पो'चे अनेकवचन 'चपन्ॾे' पाहून त्यास नवल वाटणार नाही. मधल्या संख्या 'ए' या अव्ययाने जोडतात, की 'सप्पो ए तति' म्हणजे तेरा झाले. आपल्या एकोणसाठ, त्रेसष्ट, सत्त्याहत्तर यांच्या अरण्यातून बालपणी वाट काढलेल्या माणसाला ही सरळ रांग पाहून परक्यांचा थोडा हेवाच वाटावा. शंभर म्हणजे तेमेदेरे, दोनशे म्हणजे तेमेद्दे ॾिॾि. हजार म्हणजे उजुनेरे, दोन हजार म्हणजे उजुन्नाजे ॾिॾि.

माणसे मोजताना हेच शब्द आपला शेवट बदलतात. दोन गाई म्हणजे 'नऽइ ॾिॾि', पण दोन माणसे म्हणजे 'यिम्ॿे ॾिॾो'. तसेच ततो, नयो, जोयो. इंग्रजीतून पुलार शिकणारास हे चमत्कारिक वाटते, मराठीतून शिकणारास वाटण्याचे कारण नाही, कारण गाई दोन आणि माणसे दोघे, गाई तीन आणि माणसे तिघे, हा विवेक आपण रोजच करतो. फरक इतकाच, की आपला हा शिरस्ता चौघांपाशी थकतो आणि पुढे 'जण' लावून वेळ मारून नेतो. पुलारचा तेथे थांबत नाही.

येथवर शिकून पुतण्या पोदोरच्या किंवा मातामच्या बाजारात, अथवा सेनेगल नदीकाठच्या फुता तोरो प्रदेशातल्या एखाद्या 'लूमो'त, म्हणजे आठवडी बाजारात, शिरला, मासळीच्या ढिगापुढे उभा राहिला, रीतसर क्षेमकुशल झाले, आणि त्याने 'नो फोति?' म्हणजे 'केवढ्याला?' असे विचारले, तर बाई म्हणेल, 'तेमेदेरे'. पुतण्या मनात शंभर म्हणून शंभर फ्रँकांचे नाणे पुढे करील, आणि बाई ते परत त्याच्या हातावर ठेवील. कारण तिने मागितले आहेत पाचशे फ्रँक. त्यात लबाडी कसलीच नाही. पुलारमध्ये पैसे फ्रँकांनी मोजत नाहीत, पाच-पाच फ्रँकांच्या पंचकांनी मोजतात. त्या पंचकाचे नाव 'म्बूॾु', अनेकवचन 'बूॾि', आणि हे नाव बोलताना बहुधा गाळलेच जाते. बाईने शंभर म्हटले ते शंभर बूॾि.

ही पद्धत एकट्या पुलारची नाही. शेजारची वोलोफ भाषाही पैसे अशीच पाचाच्या पटीत मोजते, आणि तिकडे त्या पंचकाचे नाव अरबी दिरहमवरून आलेले आहे. दूर अल्जीरियात पाच फ्रँकांस 'दुरो' म्हणत, ते नाव स्पेनच्या पाच पेसेतांच्या नाण्याचे. सेनेगलमध्ये फ्रेंच अमल बसला, 1945 साली सीएफए फ्रँक नावाचे वेगळे चलन निघाले, 1960 साली सेनेगल स्वतंत्र झाला, 1994 च्या जानेवारीत त्या फ्रँकची किंमत फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत एकदम निम्म्यावर आणली गेली. पण बाजाराच्या तोंडचे एकक हलले नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली, तरी पंचवीस पैशांना चार आणे आणि पाऊण रुपयाला बारा आणे म्हणणारी पिढी पुढे कितीतरी काळ नांदली, हे ज्यांस आठवते त्यांस यात काही गूढ वाटू नये. आपले आणे मात्र हळूहळू विरत गेले. फुतातील पंचक अजून भर बाजारात आपला कारभार चालवीत आहे.

अधिक मजेचा भाग असा, की ज्या माणसाने पुलारमध्ये 'तेमेदेरे' म्हटले तोच पुढच्या गिऱ्हाइकाशी फ्रेंच बोलू लागला की सरळ पाचशे फ्रँक म्हणतो. म्हणजे भाषा पालटली की हिशेबाचे मापही पालटते, आणि सेनेगलमधला साधा पानाफुलांचा विक्रेताही दिवसाकाठी अनेकदा या मापातून त्या मापात जातो-येतो. म्हणून पुतण्याने पहिली सवय ही लावून घ्यावी, की आकडा ऐकण्याआधी भाषा ऐकावी.

आता हा हिशेब मनातल्या मनात झटपट करावयाचा कसा? येथे मी एका जुन्या मराठी विद्येची शिफारस करतो. पूर्वी आपल्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. आज त्यांची नावेही मुलांना ठाऊक नसतात. त्यांतील निमकी, म्हणजे निम्म्याचा पाढा, येथे नेमकी कामास येते. पुलारमध्ये जो आकडा कानी पडेल त्यावर एक शून्य चढवावे आणि त्याचे निम्मे करावे, की फ्रँक हाती आले. बाई म्हणाली, 'तेमेदेरे ए नोगास', म्हणजे एकशे वीस. शून्य चढवून बाराशे, निम्मे सहाशे फ्रँक. उलट, आपणांस साडेतीनशे फ्रँक सांगावयाचे असतील तर दुप्पट करून सातशे, शून्य उतरवून सत्तर, आणि तोंडाने 'चपन्ॾे जेॾिॾि'. पाचाने गुणणे-भागणे ज्यांस जड जाते त्यांसही दुप्पट आणि निम्मे जमतेच.

नोटांचे तर पाठच करून टाकावे. पाचशेची नोट तेमेदेरे, हजाराची तेमेद्दे ॾिॾि, दोन हजारांची तेमेद्दे नयि, पाच हजारांची उजुनेरे, आणि दहा हजारांची उजुन्नाजे ॾिॾि. दहा हजारांची नोट घेऊन मासळीवालीपुढे उभे राहू नये हा शहाणपणा मात्र कोणत्याही भाषेत एकच. खुर्दा जवळ बाळगावा.

भाव ऐकून झाल्यावर घासाघीस. 'इना तीॾि' म्हणजे फार आहे, अक्षरशः कठीण आहे. आणि 'उस्तु सेॾा' म्हणजे थोडे उतरवा. साखर, चहा असल्या वाणसौद्यात हा प्रयोग करू नये, तेथे दर ठरलेला असतो आणि घासाघीस करणारा केवळ अडाणी दिसतो; कापड, चटया, कोंबड्या-बकऱ्या यांत मात्र तो न करणे हाच अडाणीपणा. दोन्ही वाक्ये हसतमुखाने म्हणावीत. माझ्या मते या दोन वाक्यांवर शिकाऊ माणसाने जेवढे कष्ट घ्यावेत तेवढे अर्ध्या व्याकरणावरही घेऊ नयेत, कारण ती बोलताच समोरचा माणूस उत्तरादाखल भरभर बोलू लागतो, आणि खरा पाठ तेथेच मिळतो.

सेनेगल नदी ओलांडून मॉरिटानियाच्या काठावर गेले की लोक तेच, भाषा तीच, पण चलन दुसरे. त्या देशाने 1973 साली फ्रँक सोडून पाच फ्रँकांस एक या दराने 'उगिया' हे नाणे काढले, उगियाचे भाग पाडले तेही पाचच, आणि 2018 साली दहा जुन्या उगियांची एक नवी केली. त्या तीरावरच्या हिशेबाला स्वतंत्र जागा हवी. तो पुढे कधीतरी.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी पत्राने कळवाव्यात : साडेसातशे फ्रँक पुलारमध्ये कसे सांगाल, आणि विक्रेता 'चपन्ॾे जेनयि' म्हणाला तर त्याच्या हातावर किती फ्रँक ठेवाल? उत्तरे अक्षरी लिहावीत, ॾ खालची रेघ विसरू नये. क्रियापदे पुढील आठवड्यात घेईन. मधे दुसरे असेच पत्र आले नाही तर.