लायप्झिगचा आठशे वर्षांचा गायकवृंद

जर्मनीतील लायप्झिग शहराच्या सेंट थॉमस चर्चमध्ये दर शुक्रवारी सायंकाळी आणि शनिवारी दुपारी शाळकरी मुलांचा एक वृंद गातो. रविवारच्या उपासनेतही त्याचे गायन असते. या वृंदाची स्थापना १२१२ साली झाली. आठशे वर्षांत त्या शहराने धर्मसुधारणा पाहिली, दोन महायुद्धे सोसली आणि अनेक राजवटी अनुभवल्या. परंतु वृंदाची परंपरा टिकून राहिली. अशी संस्था इतका काळ कशाच्या बळावर टिकते, हा प्रश्न शिक्षण आणि लोकप्रशासन यांच्याशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने विचारात घेण्याजोगा आहे.

मठाकडून नगराकडे

माइसनचा सरदार डीट्रिख याने स्थापन केलेल्या मठाला १२१२ मध्ये सम्राट चौथा ओटो याने मान्यता दिली. उपासनेत गाण्यासाठी मुले हवीत म्हणून मठाबरोबर शाळाही आली. मुलांना निवास, भोजन व विद्या मिळावी आणि त्यांनी त्याबदली गावे, अशी ही व्यवस्था होती.

लायप्झिगमध्ये १५३९ साली प्रॉटेस्टंट पंथाचा स्वीकार झाला व मठ बंद पडला. मठाबरोबर शाळा आणि वृंदही लयास जाणे अशक्य नव्हते. परंतु १५४३ मध्ये नगरपरिषदेने मठाची मालमत्ता आपल्याकडे घेतली आणि शाळेचा व वृंदाचा भार उचलला. तेव्हापासून, म्हणजे पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ, हा वृंद नगराच्या आश्रयाने चालत आला आहे.

रोज नव्याने घडणारी संस्था

आपल्याकडील भजनात किंवा शालेय प्रार्थनेत सर्वजण एकच चाल एकत्र म्हणतात. पाश्चात्त्य वृंदगायनात मात्र एकाच वेळी चार किंवा त्याहून अधिक निरनिराळ्या सुरावटी चालतात आणि त्यांच्या मेळातून संगीत उभे राहते. या वृंदात वरच्या पट्टीतील सुरावटी लहान मुले गातात, तर खालच्या पट्टीतील सुरावटी आवाज फुटलेले मोठे विद्यार्थी गातात.

यातच या संस्थेची खरी अडचण दडलेली आहे. सुंदर गाणाऱ्या मुलाचा आवाज काही वर्षांत फुटतो आणि त्याची जागा घेण्यास दुसरा मुलगा तयार असावा लागतो. गायकांची अशी तयारी कधीच कायमची पूर्ण होत नाही. म्हणूनच वृंदाचे भवितव्य शाळेत कोणत्या मुलांना प्रवेश मिळतो आणि त्यांना कोण शिकवतो, यावर अवलंबून असते.

बाख यांचे निवेदन

वृंदाच्या प्रमुखास ‘कॅन्टर’ म्हणतात. १७२३ मध्ये या पदावर योहान सेबास्टियन बाख यांची नेमणूक झाली. नगरपरिषदेने प्रथम टेलेमान व नंतर ग्राउप्नर यांचा विचार केला होता. पहिल्यांनी नकार दिला आणि दुसऱ्यांना त्यांच्या धन्याने सोडले नाही. अशा रीतीने आलेल्या बाख यांनी पुढील सत्तावीस वर्षे, १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत, हे पद भूषविले.

नगरातील चार चर्चना गायक पुरविण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. २३ ऑगस्ट १७३० रोजी त्यांनी परिषदेला एक निवेदन सादर केले. प्रत्येक वृंदात किमान १२ आणि शक्यतो १६ गायक असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेतील मुलांची त्यांनी वर्गवारीच दिली : १७ उपयोगी, २० अद्याप तयार न झालेले आणि १७ निरुपयोगी. संगीताची जाण नसलेल्या मुलांना प्रवेश दिल्याने आणि साहाय्य कमी केल्याने दर्जा घसरला, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. अपेक्षित सुधारणा झाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका जुन्या मित्राला पत्र लिहून दुसरीकडे जागा मिळेल काय, अशी विचारणा केली. तरीही ते लायप्झिगमध्येच राहिले. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही त्यांची थोर रचना याच कालखंडातील आहे.

बाख यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने अनेक रचनांच्या हस्तलिखित सुरावटी शाळेला दिल्या. बाख यांचे संगीत पुष्कळ ठिकाणी मागे पडले असताना या वृंदाने त्यांच्या रचना गाणे सोडले नाही. १७८९ मध्ये मोझार्ट लायप्झिगला आले असता या मुलांच्या तोंडून बाख यांची रचना ऐकून थक्क झाले व त्यांनी त्या सुरावटी मागवून घेऊन अभ्यासल्या.

युद्ध आणि त्यानंतर

४ डिसेंबर १९४३ रोजी शहरावर भीषण बाँबहल्ला झाला. मुलांना ग्रिमा या गावी हलविण्यात आले आणि तेथेच त्यांचे शिक्षण व गायन चालू राहिले. १९४५ मध्ये वृंद परतला. पुढे पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीतही, १९९० पर्यंत, चर्चमधील त्याचे गायन थांबले नाही. २०१२ मध्ये वृंदाची आठशे वर्षे साजरी झाली. २०२१ मध्ये आंद्रेआस रायझे हे बाख यांच्यानंतरचे अठरावे कॅन्टर झाले.

आज ९ ते १८ वर्षे वयोगटातील सुमारे शंभर मुले वृंदात आहेत. ती वसतिगृहात राहतात व मोठी मुले लहानांची काळजी घेतात. बालवाडी आणि प्राथमिक शाळाही आता या शैक्षणिक परिसराशी जोडल्या गेल्या आहेत.

या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. कलेची संस्था केवळ एका थोर पुरुषामुळे टिकत नाही. बाख यांच्या आधी ती पाच शतके चालली होती आणि त्यांच्यानंतरही चालत राहिली. टिकवून ठेवणारी गोष्ट म्हणजे शाळा, वसतिगृह, प्रशिक्षित शिक्षक आणि दरवर्षी खर्चाची तरतूद करणारे नगर. मात्र केवळ तरतूद पुरेशी नसते. प्रवेश देताना गुणवत्तेकडे डोळेझाक झाली तर काय होते, हे १७३० च्या निवेदनातील तीन आकडे आजही सांगतात.