बोटे वळवणारी पोटरीतली दोरी



आपल्या पायाची बोटे कोण वळवते? गुरुजींनी विचारले तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, बोटेच वळतात. मग त्यांनी तक्ता दाखवला. बोटे ओढणारा मोठा गडी बोटात नसून पोटरीत असतो. तळव्यातले छोटे स्नायू त्याला मदत करतात.

या स्नायूचे नाव फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस. म्हणजे बोटे वाकवणारा लांब स्नायू. नाव फार मोठे, म्हणून मी त्याला बोटवळव्या म्हणतो.

पोटरी दाबली की जो गुबगुबीत भाग लागतो तो बोटवळव्या नव्हे. हा त्याच्याही आत, नडगीच्या हाडाला मागून चिकटलेला असतो. खाली येताना त्याची पांढरी, चिवट दोरी होते. तिला कंडरा म्हणतात. विहिरीच्या कप्पीवरून दोर वळतो ना, तशी ही दोरी आतल्या घोट्याच्या मागून वळते आणि तळव्यात शिरते. तिथे तिचे चार फाटे होतात. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला एक फाटा, अगदी शेवटच्या हाडापर्यंत. अंगठ्याचा स्नायू वेगळा आहे. तो नडगीशेजारच्या बारीक हाडापासून निघतो. दोघांच्या दोऱ्या तळव्यात एकमेकींना ओलांडतात.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून आला की स्नायू आखडतो, दोरी ओढली जाते आणि बोटे खाली वळतात. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून बोटे वर उचलायला नडगीच्या पुढच्या बाजूला दुसरा स्नायू असतो.

आता करून बघा. खाली बसा. आतल्या घोट्याच्या हाडामागे बोट ठेवा आणि पायाची बोटे जोरात वळवा. आत दोरी हललेली लागते. मग पायाच्या बोटांनी चिंचोका उचलून बघा!

चालताना टाच उचलली की बोटवळव्या बोटांना जमीन धरायला लावतो. लावणीच्या चिखलात, ओल्या बांधावर, चढणीवर त्याचे फार काम पडते. तळव्याची कमानही तो सावरतो.

भात कापताना आमच्या काकांना आतल्या घोट्यामागे विळा लागला. जखम लहानच दिसत होती. घरीच हळद भरून फडकं बांधलं. जखम भरली, पण चार बोटांची टोकं काही नीट वळेनात. आता चिखलात त्यांचा पाय सरकतो. पुढे डॉक्टरांनी तपासले तेव्हा म्हणाले, आतली दोरी तुटली आहे, लगेच आला असता तर टाके घालून जोडता आली असती. त्या जागी दोरीशेजारूनच मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूही जातो.

म्हणून पालकहो, घोट्याजवळ विळा, कोयता किंवा काच लागली तर एवढे करा. स्वच्छ कापडाने दाबून धरा. बोटे वळतात का ते पाहा. आणि वळत असली तरी लगेच दवाखान्यात जा. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्या. जखम लहान असली तरी आतली दोरी तुटलेली असू शकते. ती बाहेरून दिसत नाही.

— इयत्ता ४ थी