दृढीकरणानंतर मुलगे जातात कुठे?

आमच्या मंडळीत दृढीकरणाचा रविवार म्हणजे सणच. पांढरेशुभ्र शर्ट घातलेले मुलगे आणि पांढऱ्या साड्या सावरणाऱ्या मुली पुढच्या बाकांवर बसतात. बिशपसाहेब एकेकाच्या मस्तकावर हात ठेवतात, आया डोळे पुसतात. आणि पुढे? एका वर्षी माझ्या वर्गातले सात मुलगे दृढ झाले. नाताळ येईपर्यंत त्यांतला एकच रविवारी दिसत होता. मुली मात्र बहुतेक सगळ्या येत होत्या. मंडळीतला प्रवेश मुलग्यांनी निरोपसमारंभ करून टाकला होता!

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मी वीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवलं. मुलं गळाली की दोष द्यायला आम्हा शिक्षकांकडे कारणं तयार असत. आधी क्रिकेट, मग टीव्ही, मग क्लास, आता मोबाइल. एकदा त्या सातांपैकी एक जण एस. टी. स्टँडवर भेटला. "का रे, देवळात दिसत नाहीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "सर, येऊन करायचं काय?" त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

हा प्रश्न जुनाच आहे. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली, ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या आणि रविवारी रस्त्यावर हुंदडणाऱ्या गरीब पोरांसाठी. पुढे शंभर वर्षांनी ग्लासगोतल्या अशाच शाळेत शिकवणाऱ्या विल्यम स्मिथ यांना दिसलं, की मिसरूड फुटू लागलेले मुलगे वर्गात टिकत नाहीत. स्मिथ स्वयंसेवक सैन्यातले. त्यांनी १८८३ मध्ये 'बॉईज ब्रिगेड' काढली. कवायत, खेळ, शिस्त, आणि त्याबरोबर बायबल. बास्केटबॉलचा जन्मही १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्याच प्रशिक्षण शाळेत झाला. या मंडळींना एक गोष्ट नेमकी उमगली होती. या वयाच्या मुलग्याला नुसतं बसवून ठेवता येत नाही.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचं देशी वळण दिलं. भजनाला नुसता श्रोता पुरत नाही; टाळ धरणारा लागतो, पेटी-तबल्यावर बसणारा लागतो. पण आमच्या देवळात तबला वर्षानुवर्षं एकाच काकांच्या ताब्यात! पोरांनी हात लावला की डोळे वटारले जायचे.

मग आम्ही थोडं धाडस केलं. एक तबला पोरांच्या हाती दिला. घंटा वाजवायचं काम त्यांना वाटून दिलं. अर्पणाची मोजणी खजिनदारांनी दोन मुलग्यांना शेजारी बसवून सुरू केली. ज्या म्हाताऱ्यांना चालवत नाही, त्यांना घरून आणण्याची पाळी लावली. एकदा ठेका चुकला, भजन मध्येच थांबलं, काही वडीलधारे नाराज झाले. पण पोरं येऊ लागली.

तरीही तबला वाजवणारा मुलगा म्हणजे विश्वास ठेवणारा मुलगा, असं समीकरण मांडता येत नाही. हे मला त्या स्टँडवरच्या मुलानेच शिकवलं. वर्गात असताना त्याचे वडील अचानक गेले. त्याने मला विचारलं होतं, "आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती, मग देवाने ऐकलं का नाही?" मी त्याला एक वचन पाठ करायला दिलं. वर्ग पुढे चालू! उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तसं कबूल करण्याचं धैर्यही नव्हतं. तो खरा गेला तो त्या दिवशी. दृढीकरणाला आला तो आईसाठी.

येशूच्या कुमारवयातली एकच कथा शुभवर्तमानांत आहे. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न विचारतो आहे. ही कथा आम्ही दरवर्षी शिकवतो आणि आमच्या बारा वर्षांच्या मुलाने प्रश्न विचारला की त्याला गप्प करतो. शिवाय प्रवचन चालू असताना आमचे बाप बाहेर लिंबाखाली गप्पा मारत उभे. मुलगे तेही बघत असतातच की!

मागच्या वर्षी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो आता वायरमन आहे. "तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. तुला तसं सांगायला हवं होतं," एवढंच म्हणालो. तो काही बोलला नाही. चहा मात्र त्याने स्वतः करून दिला. निघताना मी देवळातल्या बिघडलेल्या स्पीकरचं बोललो. शनिवारी येऊन त्याने तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी उपासनेच्या वेळी मागच्या दाराशी उभा होता. म्हणाला, "आवाज शेवटपर्यंत येतो का, ते बघायला आलोय."

मी त्याला आत बस म्हटलं नाही. शेजारी जाऊन उभा राहिलो.