जखम भरली, तरी सावध असावे

गुरुवारी सोमाटणे फाट्यावरून शिरगावच्या प्रतिशिर्डी मंदिराकडे दुचाकींची रीघ लागते. मागे बसलेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट क्वचितच दिसते. ते दृश्य पाहिले की मला माझ्या एका तरुण रुग्णाची आठवण होते. (त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

तो आईबरोबर प्रथम आला तेव्हा तक्रार किरकोळ वाटली. जेवताना मध्येच हात थांबतो, नजर खिळते, तोंड चघळल्यासारखे हलते. मिनिटभराने तो भानावर येतो, पण काय घडले ते त्याला आठवत नाही. जागरणाचा थकवा समजून मी शक्तिवर्धक गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी गोठ्यात काम करताना त्याच्या सर्वांगाला झटके आले. तेव्हा कुठे मी विचारले, "डोक्याला कधी मार लागला होता का?" आई म्हणाली, "चौदा महिन्यांमागं गाडीवरून पडला होता. मेंदूत रक्त साकळलं होतं. पण डॉक्टर, ते तर कवाच बरं झालं!" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. ती चूक माझी होती.

त्वचेवरची जखम काही आठवड्यांत भरून येते. मेंदूत मात्र व्रण राहतो. झिरपलेल्या रक्तातील लोह आसपासच्या पेशींना चेतवत राहते आणि त्यांच्यातील विद्युतसंदेशांचा तोल बिघडतो. अनेक पेशी एकदम संदेश सोडू लागल्या की आकडी येते. इजेनंतरच्या पहिल्या सात दिवसांत येणारी आकडी 'लवकरची' आणि त्यानंतरची 'उशिराची' मानतात. उशिराची आकडी बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत येते. काहींना त्याहूनही पुढे.

म्हणून डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाने धास्ती घेऊ नये. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य इजेनंतर पाच वर्षांत शंभरात एकालाही आकडी आली नाही. गंभीर इजेनंतर मात्र शंभरात दहा जणांना आली. कवटीचे हाड आत दबणे, मेंदूत किंवा त्याच्या आवरणाखाली रक्तस्राव होणे, पहिल्या आठवड्यातच आकडी येणे, यांमुळे धोका वाढतो.

त्या माउलीच्या मनात एक शल्य होते. "सुरुवातीची फिटची गोळी आठवड्यानं बंद केली, म्हणून तर हे झालं नाही ना?" नाही. सिएटल येथील 404 रुग्णांवरील, 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फेनिटॉइनमुळे पहिल्या आठवड्यातील आकड्या लक्षणीय घटल्या. पण पुढील काळातील आकड्या टळल्या नाहीत. म्हणून एरवी ते औषध आठवड्याने थांबवणे योग्यच असते. उशिराची आकडी एकदा आली, की मात्र ती पुन्हा येण्याचा संभव मोठा असतो. मग मेंदूविकारतज्ज्ञ एमआरआय व ईईजी तपासून नियमित औषध सुरू करतात. ईईजी निर्दोष आला, तरी अपस्मार नाही असे ठरत नाही. हे औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

घरात कोणाला आकडी आली, तर घड्याळ पाहा. जवळच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि रुग्णाला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी वा गोळी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवून काही साधत नाही. दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण केले, तर निदानास मोठी मदत होते. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, शुद्ध येण्यापूर्वीच दुसरी आली, अथवा डोक्याला नुकताच मार लागलेला असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आकड्या आटोक्यात येईपर्यंत वाहन चालवणे, विहिरीत वा नदीत एकट्याने पोहणे, उंचावर चढणे टाळावे. जागरण व मद्य वर्ज्य. हा आजार लपवण्याचा नाही. 1999 च्या कायदादुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढून टाकला आहे. आपल्या मनातून तो निघायचा आहे.

अपघातानंतरचे डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची चित्रे जपून ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना जुना मार आवर्जून सांगा. आम्ही विचारले नाही, तरी सांगा. आणि हेल्मेट चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार बंधनकारक आहे.

तो तरुण नियमित औषध घेतो. गेले वर्षभर त्याला आकडी आलेली नाही. येताना त्याची आई अजूनही ती जुनी कागदपत्रे पिशवीत घालून आणते. मीही आता डोक्याच्या माराबद्दल विचारायला विसरत नाही.