युद्ध जिंकल्यावरचं भांडण : मॉस्को, वॉशिंग्टन आणि परळ

२२ फेब्रुवारी १९४६, शुक्रवार. मुंबईच्या गिरणगावातल्या गिरण्या बंद होत्या. चार दिवसांपूर्वी ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी बंड पुकारलं होतं आणि बंदरातल्या जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र फडकले होते. त्यांच्या पाठिंब्यासाठी परळ, लालबाग, डिलाइल रोडचे कामगार रस्त्यावर उतरले. गोऱ्या शिपायांनी वस्त्यांमध्ये गोळीबार केला. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळी लागून गेली. दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली.

नेमक्या त्याच तारखेला मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतून मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला हजारो शब्दांची तार पाठवली. सोव्हिएत सत्ता आपल्याबरोबर सुखाने नांदणार नाही, तिच्याशी खंबीरपणेच वागलं पाहिजे, असं तिचं सार. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या अमेरिकन धोरणाची बीजं त्या तारेत आहेत. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण मॉस्को-वॉशिंग्टनमध्ये तेव्हा जे बिनसत होतं, त्याची झळ परळच्या नाक्याला लवकरच लागली.

कालचे मित्र वैरी का झाले, याचं एक ठरलेलं उत्तर आहे : एक भांडवलशाही, दुसरा साम्यवादी, मग पटणार कसं? मला ते पुरेसं वाटत नाही. विचारांतलं अंतर १९४१ मध्येही तेवढंच होतं. तरीही अमेरिकेचे ट्रक, विमानं आणि डबाबंद मांस चार वर्षं रशियाला जात राहिलं, कारण समोर हिटलर होता. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला आणि काही दिवसांतच ती मदत थांबवायचा हुकूम निघाला. रशियाला पोचायच्या मालाची जहाजंसुद्धा परत फिरवली गेली. पुढे हुकूम सौम्य केला, पण मॉस्कोत त्याचा घ्यायचा तो अर्थ घेतला गेला होता.

युद्धाची किंमतही दोघांनी सारखी मोजलेली नव्हती. सोव्हिएत संघाची सुमारे २.७ कोटी माणसं गेली, अमेरिकेची सुमारे चार लाख. रशियाचा पश्चिम भाग बेचिराख झाला होता. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एकही शहर पडलं नव्हतं. उलट जगातल्या कारखानदारीचं जवळपास निम्मं उत्पादन आता तिथे होत होतं, आणि अणुबाँबही फक्त तिच्याकडे होता. जर्मन फौजा तीस वर्षांत दोनदा पश्चिमेकडून चालून आल्या, म्हणून पोलंडमध्ये आपल्या मर्जीतलंच सरकार हवं, हा स्टालिनचा हट्ट. अमेरिकेला त्यात सरळ सरळ साम्राज्याचा विस्तार दिसला. उलट अमेरिकेने १९४७ मध्ये मार्शल योजनेतून युरोप उभा करायला पैसा देऊ केला, तेव्हा स्टालिनला त्यात वेढा दिसला. एकाने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी जे करावं, त्याचीच दुसऱ्याला धास्ती. पूर्व युरोपातल्या लोकांना काय हवं होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि या साऱ्या प्रकरणातला सगळ्यांत मोठा अन्याय मला तोच वाटतो.

पण भीतीला जागा मिळाली ती पोकळीमुळे. जर्मनी-जपान पडले, ब्रिटन-फ्रान्स जिंकूनही खंक झाले. २० फेब्रुवारी १९४७ला पंतप्रधान ॲटली यांनी हिंदुस्थान सोडण्याची मुदत जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आता आम्हांला झेपत नाही. तिथे अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन पुढे सरसावले. जुना धनी उठला की त्याच्या गादीवर कोण बसणार, हा प्रश्न अथेन्सइतकाच मुंबईतही होता.

गिरणगावात तो युनियनच्या रूपाने आला. १९२८च्या सार्वत्रिक संपातून कम्युनिस्ट नेते डांगे प्रभृतींची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि लाल बावटा इथल्या चाळीचाळींत पोचला. युद्धाने त्यात फट पाडली. हिटलर रशियावर चालून गेल्यावर कम्युनिस्टांनी या युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटलं, आणि ऑगस्ट १९४२मध्ये गवालिया टँकवरून ‘चले जाव’ची हाक उठली तेव्हा ते बाजूला राहिले. गिरगाव-चौपाटी परिसरात जागा बदलत उषा मेहता आणि त्यांचे सोबती काँग्रेसचा गुप्त रेडिओ चालवत होते, तर गिरणगावात उत्पादन थांबू नये म्हणून कम्युनिस्ट कार्यकर्ते गेटवर भाषणं करत होते. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला तो याच वातावरणात. त्या पोवाड्यामागची तळमळ खरी होती, फॅसिझमबद्दलचा संतापही खरा होता. पण ‘चले जाव’मध्ये तुरुंगात गेलेले हे बाजूला राहणं कधी विसरले नाहीत.

म्हणजे इथली फूट काही परदेशातून आलेली नव्हती. तिच्या दोन्ही टोकांना जगातल्या दोन सत्ता येऊन मिळाल्या, एवढंच. मे १९४७मध्ये काँग्रेसवाल्यांनी ‘इंटक’ काढली. परळच्या मजदूर मंझिलमध्ये तिचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ बसला, आणि लाल बावट्याची दळवी बिल्डिंग तिथून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९४८मध्ये समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा आली. सप्टेंबर १९४७मध्ये रशियाच्या झ्दानोव्ह यांनी जगाचे दोन तट मांडले होते. फेब्रुवारी १९४८च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीय कम्युनिस्टांनीही तीच वाट धरली. पूरणचंद जोशी बाजूला गेले, मुंबईचे बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले, आणि नव्या सरकारशीच झुंज सुरू झाली. धरपकड झाली, पक्षाची ताकद घटली. जगभरच्या कामगार संघटना ऑक्टोबर १९४५मध्ये पॅरिसला एका छताखाली आल्या होत्या. मार्शल योजनेवरून जानेवारी १९४९मध्ये तिथेही फूट पडली. कम्युनिस्टांची आयटक एका बाजूला राहिली, काँग्रेसची इंटक दुसऱ्या. चार साचे सांभाळणाऱ्या विणकराला मार्शल योजनेशी काय घेणं होतं? त्याला बोनस हवा होता, बदलीवाल्याला कायम व्हायचं होतं. गेटवर मात्र त्याच्यापुढे तीन पावतीपुस्तकं आली.

त्यातच १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि वाटाघाटी फक्त तिच्याशी. कापड गिरण्यांत हा मान मजदूर संघाला मिळाला. १९५०मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप लढवला, पण कायद्याच्या लेखी ती युनियन परकीच राहिली.

दोन्ही महासत्तांनी या शहराला आणि राज्याला दिलंही बरंच. पवईच्या आयआयटीला सोव्हिएत यंत्रं आणि प्राध्यापक मिळाले, तारापूरच्या अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने उभारल्या. रेशनच्या रांगेत उभं राहून अमेरिकेचा तांबडा गहू आणि १९७२च्या दुष्काळातली मिलो खाल्लेले लोक अजून दादर-परळला भेटतात. गरजेच्या वेळचं हे धान्य होतं. त्याची किंमत करायची तर १९६५-६६मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाच्या जहाजांवर कसा हात आखडता घेतला, हेही सांगावं लागेल.

इथल्या राजकारणात, मराठी राज्यासाठी उभ्या राहिलेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट आणि प्रजा समाजवादी पुन्हा एका व्यासपीठावर आले आणि १९५७मध्ये डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. राज्य पदरात पडता पडताच समिती फुटली. समोरचा शत्रू संपल्यावर युती टिकायला दुसरं काहीतरी लागतं, ते समितीकडेही नव्हतं. १९६२च्या चीन युद्धानंतर, १९६४मध्ये, कम्युनिस्ट पक्षच दुभंगला. जून १९७०मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागला खून झाला आणि त्यांची जागा पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनी जिंकली. लाल बावट्याची पकड तोवर सैल झालेली होती.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार संपावर गेले. सामंत ना मॉस्कोचे, ना वॉशिंग्टनचे. कामगार त्यांच्याकडे गेला याचं एक मोठं कारण हेच की, मान्यतेच्या युनियनवर त्याचा विश्वास उरला नव्हता आणि ती बदलायची वाट कायद्याने फार अरुंद ठेवली होती. १९४६चा तो कायदा रद्द करा, ही त्या संपातली एक प्रमुख मागणी होती. सरकार आणि मालक सामंतांशी बोलायला तयार झाले नाहीत. कागदावरचा प्रतिनिधी अजूनही मजदूर संघच होता. गिरणी संपाचा हिशेब आपण १९८२पासून मांडतो. माझ्या मते तो १९४६पासून मांडायला हवा.