‘काल गेले होते’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली बारावीनंतर नाशिकला नर्सिंगला, नाहीतर नोकरीला जायचं म्हणतात. मुलाखतीत त्यांना विचारतात, काय शिकलीस, आधी कुठे काम केलंस? सगळं झालेल्या गोष्टींचं, आणि तिथंच मुली अडखळतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरीही. त्यात आपल्या हरसूल भागात कित्येक घरांत कोकणा नाहीतर वारली बोलतात, शाळेत मराठी, म्हणजे इंग्रजी ही तिसरी भाषा! मुलींना ढ म्हणायच्या आधी एवढं लक्षात घ्या.

आपण म्हणतो, ‘काल मी बाजारात गेले होते.’ मुलगी शब्दाला शब्द लावते, ‘आय हॅड गॉन टू द मार्केट येस्टरडे.’ इंग्रजीत तिथं साधं ‘आय वेंट’ पुरतं. मराठीत ‘होते’ आपण सहज जोडतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र झालेल्या दोन गोष्टी लागतात, आणि जी आधी झाली तिलाच ते लागतं. ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी गेली होती.’ आधी एसटी गेली, मग आपण पोचलो. म्हणून ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड गॉन.’ एसटी चुकल्याचं उदाहरण मुलींना लगेच कळतं, का ते सांगायला नको.

आता ‘गेली आहे’. आई शेतावर गेली आहे, अजून तिकडेच आहे, तर ‘हॅज गॉन’. पण वाक्यात काल, सोमवारी, २०२३ मध्ये असं ‘कधी’चं उत्तर आलं, की हॅव-हॅज नको. ‘आय पास्ड ट्वेल्फ्थ इन २०२३’ असंच म्हणायचं. बँकेच्या मेसेजमध्येही हे बघा. ‘हॅज बीन डेबिटेड’ म्हणजे पैसे कापले गेले आहेत. ‘विल बी डेबिटेड’ म्हणजे कापले जाणार आहेत, खात्यात पैसे भरायला अजून वेळ आहे.

एक गोष्ट मात्र इंग्रजीत सोपी. आपल्याकडे नारळ आणला, भाजी आणली, कांदे आणले. तिकडे सगळ्याला एकच ‘ब्रॉट’. प्रश्न विचारताना ‘डिड’ आलं, की क्रियापद मूळ रूपात जातं. ‘डिड यू वेंट’ नव्हे, ‘डिड यू गो’.

सराव गटाच्या वहीवरून करता येतो. बैठकीत काय झालं ते आईनं मराठीत सांगायचं, मुलीनं इंग्रजीत. हप्ता सोमवारी भरला, ‘वी पेड द इन्स्टॉलमेंट ऑन मंडे.’ आईला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. मुलगी ‘हॅव’ म्हणाली, की विचारा, ‘कधी ते सांगितलंस का?’ सांगितलं असेल, तर ‘हॅव’ काढायचं. ‘हॅड’ म्हणाली, की विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर आलं नाही, तर ‘हॅड’ काढायचं.