लेन्स अडकली? आधी आवाज ऐका

आईबाबांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे कॉलेजच्या मुलांनी पुन्हा बाहेर काढले आहेत. त्या फोटोंचे रंग त्यांना आवडतात, आणि ते आहेतच सुंदर. पण बटण दाबावं तर लेन्स अर्ध्यावर येऊन थांबते, पडद्यावर ‘लेन्स एरर’ उमटतं आणि कॅमेरा बंद पडतो. कॅननच्या जुन्या पॉवरशॉटवर त्याऐवजी ‘ई१८’ दिसतं. अशा वेळी हात आपसूक लेन्सकडे जातो. ओढून बघू, दाबून बघू! तेवढं मात्र करू नका.

आत एकात एक बसणाऱ्या दोन-तीन नळ्या असतात. एकीला तिरप्या खाचा, दुसरीला त्या खाचांत बसणाऱ्या बारीक खुंट्या. इवलीशी मोटर प्लॅस्टिकची दातेरी चाकं फिरवते, खुंट्या खाचांतून सरकतात आणि लेन्स पुढे येते. ती वेळेत जागेवर पोचली नाही, हे सेन्सरला कळलं की कॅमेरा पुढचं काम थांबवतो. हातानं जोर लावला की खुंटी खाचेतून निसटते किंवा चाकाचे दात तुटतात, आणि साधी अडचण मोठ्या दुरुस्तीवर जाते.

म्हणून कॅमेरा कानाशी धरून एकदा सुरू करा. काहीच आवाज नसेल किंवा लेन्स जेमतेम हलून थांबत असेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. जुनी बॅटरी पडदा उजळण्याइतकी वीज देते, मोटरचा भार आला की मात्र बसते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात स्वस्तातले सेल हाच घोळ घालतात. तिथे चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल टाकावेत. मोटर नुसतीच फिरतेय, नळी जागची हलत नाही, तर दात गेले आहेत किंवा नळी रुळावरून उतरली आहे. हे घरी होणारं काम नाही.

‘कर्र’ असा आवाज येऊन लेन्स थांबत असेल, तर बहुतेक वेळा वाळू. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याला कॅमेरा टॉवेलवर ठेवला, तिथून पिशवीत टाकला, एवढंही पुरतं. लेन्स जमिनीकडे करून रबरी ब्लोअरनं नळ्यांच्या फटीत हवा मारा. मग साध्या कागदाची अरुंद पट्टी फटीत हलकेच घालून गोल फिरवा, पुन्हा हवा मारा, आणि लेन्स खालीच ठेवून कॅमेरा सुरू करा. तोंडानं फुंकू नका, बाष्प आत जातं. तेलाचा थेंब तर मुळीच नको: तेल काचेवर आणि शटरच्या पात्यांवर पसरतं, शिवाय वाळू त्यातच चिकटून राहते. कॅमेरा खोलायचा मोहही आवरा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि कॅमेरा बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. फोटोंची काळजी नको, ते कार्डावर सुखरूप असतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत नुसतं प्लेबॅकचं बटण दाबलं, तर लेन्स बाहेर न येताही ते बघता येतात.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचं निदान वेगळं, आणि मला ते जास्त रंगतदार वाटतं. कॅननवर ‘एरर ०१’ आला, म्हणजे लेन्स आणि बॉडी यांचं बोलणं तुटलंय. लेन्स काढून मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, मऊ कापडानं पुसा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं, तर ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवून एक फोटो काढा आणि मग ते लहान करून, एफ ८ वर, दुसरा. पहिला नीट येतो, दुसऱ्याला एरर येतो? पूर्ण उघड्या ॲपर्चरला पात्यांना हलावंच लागत नाही, म्हणजे दोष पात्यांकडच्या यंत्रणेत आहे. झूम करताना सतत दुमडणारी आतली पातळ केबल तुटणं, हे त्याचं नेहमीचं कारण. जुन्या लेन्समध्ये आणखी एक प्रकार होतो. उन्हात गाडीत राहिली की फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. पाती एकमेकींना चिकटतात, वेळेत मिटत नाहीत आणि एफ ११, एफ १६ चे फोटो पांढरे पडतात.

दुरुस्तीला जाताना नुसतं ‘लेन्स बिघडली’ म्हणू नका. आवाज कसा येतो, कोणत्या ॲपर्चरला एरर येतो, पडली होती का, वाळूत गेली होती का, हे सगळं सांगा आणि खोलण्याआधी खर्चाचा अंदाज विचारा. छोट्या कॅमेऱ्याचे सुटे भाग आता सहसा मिळत नाहीत. त्याच मॉडेलचा बंद पडलेला दुसरा कॅमेरा कुणाकडे असेल, तर तोही सोबत न्या.